दुभाषी

आयनो आली ती सहा आठवड्यांसाठी, फिनलंडहून.
पाठीवर तिच्याच उंचीची पिशवी,
पाण्यात टाकायच्या गोळ्या, डासांचं मलम,
आणि वहीत चाळीस मराठी शब्द.
परतूरच्या स्टँडवर त्यातला पहिला
तिनं रिक्षावाल्याला दिला: धन्यवाद.
तो गोंधळला. अजून भाडं ठरलं नव्हतं.

पाळक बोर्डे मला म्हणाले,
"सुवार्ताबाई, तुम्ही मिरजेला नर्सिंग केलेलं, इंग्रजी येतं.
ती बोलेल, तुम्ही सांगा.
जपून मात्र. व्हिसावर पर्यटन लिहिलंय."
पर्यटन. आमच्या वस्तीत.
पत्र्याचं उपासना मंदिर, एक हापसा कोरडा,
दुसऱ्याला लोखंडाची चव.

पहिल्या रविवारी ती उभी राहिली,
नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला,
आणि तिच्या गावच्या बर्फाबद्दल बोलली.
एका रात्रीत पडतो, म्हणाली.
सकाळी शेणखत, चिखल, मोडका ट्रॅक्टर,
बापानं शेजाऱ्याशी भांडून घातलेलं कुंपण,
सगळं एकसारखं पांढरं.
क्षमा म्हणजे तसं काहीतरी.

मी थांबले.
समोर सोजरबाई, तिच्या दोन सुना, मागं पोरं.
बर्फ त्यांच्या लेखी लग्नाच्या पिंपातला,
नाहीतर गोळेवाल्याचा, वर लाल सरबत ओतलेला.
मी म्हटलं, कापूस.
वेचणीआधी रान फुटतं ना, तसा.

सोजरबाई बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली,
"पांढरा हाय खरा. पर येचून बघ म्हणावं तिला."
आणि दोन्ही हात वर केले:
वाळल्या बोंडांच्या टोकांनी
नखांच्या कडा फाटलेल्या, भेगांत काळं.
आयनोला वाटलं, प्रार्थना करतेय.
तिनंही हात वर केले.
मग सुनांनी केले, पोरांनी केले,
शेवटी पाळकांनीही.

रात्री मला राहवलं नाही.
तुझा बर्फ मी बदलला, म्हटलं,
आणि त्या हातांचंही सांगितलं.
ती हसली नाही. वही काढून
एकेचाळिसावा शब्द लिहिला.

सोमवारी सोजरबाईच्या मागं, कमरेला ओटी बांधून,
दिवस मावळेतो चार किलो.
सोजरबाईचा अडतीस.
मुकादमानं काटा बघितला, हिशेब सारखाच लावला:
आठ रुपयांनी बत्तीस.
मला वाटलं, दानाच्या थैलीत टाकेल.
तिनं शेंगदाण्याचे लाडू घेतले,
पोरांना वाटले,
दोन स्वतः खाल्ले, बोटं फुंकत.

चौथ्या आठवड्यात बीट जमादार आले.
मोटारसायकल लिंबाखाली लावली, चहा घेतला.
"काय सांगायली ही लोकांना? अर्ज आलाय."
पाळक जमिनीकडे बघत होते, आयनो माझ्याकडे.
"कापसाबद्दल बोलते साहेब."
"कापसाबद्दल?"
"येचून बघा म्हणते."
त्यांनी लिहून घेतलं. पेन खिशाला लावताना म्हणाले,
सेलूकडे त्यांचे चार एकर,
औंदा बोंडअळीनं काही ठेवलं नाही.
हे मी तिला सांगितलं.
तिनं तिच्या मराठीत त्यांना विचारलं, "घरी सगळे बरे?"
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

खोटं बोलले का मी?
दोनदा विचारलं स्वतःला, भाकरी थापताना.
तवा तापला, तेवढ्यावर राहिलं.

नाताळाच्या आठवडाभर आधी ती गेली. तिकीटच तसं होतं.
पोरांनी कामटीचा तारा केलेला, कागद लावायचा राहिलेला.
तिनं त्याचा सांगाडाच हातात धरून बघितला,
जागेवर ठेवला.
सोजरबाई स्टँडपर्यंत नाही आली. वेचणी होती.

जानेवारीत माझ्या मोबाइलवर फोटो आला:
तिचं अंगण, ट्रॅक्टर, कुंपण,
काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं.
सोजरबाईनं डोळ्यांजवळ धरला, लांब धरला,
"आगं बया," म्हणाली,
"कुणी येचायचं एवढं?"

हे मात्र मी जसंच्या तसं कळवलं.